बाळ, बाबागाडी आणि विमान: इंदूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं सासर इंदूरचं, माहेर पुण्याचं आणि मुलं दोन. थोरला सहा वर्षांचा, धाकटी अजून दोनच्या आत. ही फेरी आता इतक्या वेळा झालीय की नात्यात कुणाकडे पाळणा हलला, की चार-सहा महिन्यांनी मला फोन येतोच, "अगं, बाबागाडी विमानात नेऊ देतात का?" तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून इथे लिहून ठेवलीत. कंपन्या आपले नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढताना त्यांची साइट एकदा नजरेखालून घाला.

बाबागाडी नेता येते का? वेगळे पैसे पडतात का?

नेता येते. बाळ मांडीवर बसून जाणार असेल, तर बाळामागे एक मिटणारी गाडी आपल्याकडच्या विमान कंपन्या साधारणपणे फुकट नेतात, तुमच्या १५ किलोंत ती धरत नाहीत. मांडीवरच्या बाळाला स्वतःचं सामान मात्र बहुधा मिळत नाही. त्याचे कपडे, डायपर, दुपटी सगळं तुमच्याच वजनात. म्हणून "बाळाची एक वेगळी बॅग करू" म्हणणाऱ्या सासूबाईंना आधी हे सांगा.

गाडी काउंटरवर सामानात द्यावी की विमानापर्यंत न्यावी?

विमानापर्यंत न्या. काउंटरवर दिलीत की पुढचा दीड तास बाळ कडेवर. रांग, तपासणी, बाथरूम, गेट बदलल्याची घोषणा, सगळं एका हातानं करायचं. एकदा केलं मी, पुन्हा नाही.

पद्धत अशी. काउंटरवर सांगायचं की गाडी गेटपर्यंत नेणार आहे. ते तिला टॅग लावतात आणि त्याचा तुकडा तुम्हाला देतात. तो जपून ठेवा, बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलात तर उत्तम. मग विमानाच्या दारापाशी, किंवा बसनं नेलं तर शिडीच्या पायथ्याशी, गाडी मिटून माणसाच्या हातात द्यायची. ती खाली सामानाच्या पोटात जाते.

परत कुठे मिळणार, हा खरा प्रश्न. कधी दारातच मिळते, कधी थेट बेल्टवर येते. देतानाच विचारा. "बेल्टवर" म्हणाले तर उतरल्यावर बाळाला कडेवर घेऊन किती चालायचंय याची मनाची तयारी होते. इंदूरला ते चालणं थोडकंच, पण मुंबई-दिल्लीला चांगलीच पायपीट आहे. म्हणून गाडी असली तरी कापडी झोळीसारखं कॅरिअर सोबत ठेवतेच मी.

आणि गाडी देण्याआधी तिची खालची जाळी रिकामी करा. त्यात काय काय साठतं हे आईलाच माहीत. मुख्य म्हणजे पॉवर बँक. ती सामानाच्या पोटात चालत नाही, केबिनमध्ये हातातच हवी. उन्हाळ्यात गाडीच्या दांडीला तो छोटा पंखा अडकवतो ना, त्यातही लिथियमची बॅटरी असते. तोही काढून घ्या. आमच्या जाळीत एकदा घराची किल्ली राहिली होती. पुण्याच्या बेल्टवर गाडी दिसेपर्यंत नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

विमानासाठी कसली गाडी बरी?

एका हातानं मिटणारी. बाकी सगळ्या गोष्टी दुय्यम. दुकानात मिटून दाखवणाऱ्या मुलाचे दोन्ही हात मोकळे असतात, तुमच्या कडेवर दहा किलोंचं बाळ असणार. दुकानातच बाळाला उचलून एका हातानं मिटून बघा, लाजू नका.

अगदी छोटी, बॅगेएवढी घडी होणारी गाडीही मिळते. ती डोक्यावरच्या कप्प्यात मावू शकते. केबिनच्या बॅगेचं माप आपल्याकडे साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि वजन ७ किलो धरतात. पण गाडी आत न्यायची की नाही, हे शेवटी तिथला कर्मचारी ठरवतो. माप बसतंय म्हणून हुज्जत घालू नका, टॅग लावून द्या. मोठ्या चाकांची, पाळण्यासारखी भारी गाडी असेल तर ती घरीच राहू दे. इंदूरच्या राजवाड्याच्या बाजारगर्दीत तिचा उपयोग नाही आणि विमानतळावरही नाही.

सिक्युरिटीत गाडीचं काय करतात?

बाळाला गाडीतून काढायचं, गाडी मिटायची आणि एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवायची. मावली नाही तर हातानं तपासतात. बाळाला कडेवर घेऊन तुम्ही चौकटीतून जायचं. कॅरिअरमध्ये बांधलेलं बाळही बहुतेक वेळा बाहेर काढायला लावतात. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करते, बाळासकट.

झोपलेलं बाळ उठवावं लागतं म्हणून पुष्कळ जणी हळहळतात. इलाज नाही. मी तर बाळ झोपवायचा सगळा बेत तपासणीनंतरच ठेवते.

आमची एक फजिती सांगते. मागे माणसांची ही रांग, आणि गाडी काही केल्या मिटेना. कळ दाबतेय, ओढतेय, बाळ रडतंय. शेवटी तिथली जवान वाकली, बिजागरीत बोट घातलं आणि एक सेवेचा तुकडा बाहेर काढला. जाडी, लवंगेची रतलामी सेव. इंदूरचं पोर, गाडीत बसून दुसरं काय खाणार! तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री गाडी उलटी करून झटकणं हा आमच्याकडे विधीच झालाय.

बाळाचं तिकीट लागतं का? कागद कोणते?

दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर जातं, पण नोंद करावीच लागते. देशातल्या प्रवासात त्याचं ठरावीक शुल्क असतं. परदेशच्या तिकिटात साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आणि वर कर. कधी कधी सेल लागलेला असला की मोठ्याचं तिकीट आणि बाळाचं शुल्क यांत फारसं अंतर उरत नाही, तेव्हा चिडचिड होते खरी.

विमानतळाच्या दारात पालकांबरोबरच्या तान्ह्या बाळाचं वेगळं ओळखपत्र मागत नाहीत. वयाचा पुरावा मात्र कंपनीच्या काउंटरवर दाखवावा लागतो. जन्मदाखला सगळ्यांत बिनघोर. निळं बाल आधार असेल तर तेही चालतं. दाखला अजून हाती आला नसेल तर जन्मतारीख लिहिलेलं लसीकरणाचं कार्ड किंवा दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद. "दिसतंय की लहान!" हे उत्तर चालत नाही. आमच्या एका काकूंनी देऊन पाहिलं.

अगदी नवजात बाळाला कितव्या दिवसापासून घेतात, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. बाळंतीण माहेराहून सासरी निघताना तारीख ठरवण्याआधी विचारा, आणि डॉक्टरांनाही.

जाताना बाळ दोनच्या आत आहे, पण परत येईपर्यंत दुसरा वाढदिवस होतोय. मग?

मग परतीला पूर्ण सीट. प्रवासाच्या दिवशी वय किती हेच बघतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी महिनाभर राहणाऱ्यांना हा हिशेब हमखास चुकतो.

मी एकटी, मुलं दोन. जमेल?

एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ, हा नियम पक्का आहे. जुळी असतील तर दुसरं मोठं माणूस सोबत घ्या, किंवा तिकीट काढण्याआधी कंपनीशी बोला. एक मांडीवरचं आणि एक चार-पाच वर्षांचं असेल तर जमतं. मी केलंय. मोठ्याच्या पाठीवर त्याची स्वतःची छोटी सॅक द्या आणि "बाबागाडीची दांडी सोडायची नाही" हे काम त्याच्यावर सोपवा. जबाबदारी मिळाली की मुलं शहाण्यासारखी वागतात. निदान गेटपर्यंत तरी.

स्वतः खांद्यावरची पर्स घेऊ नका. पाठीवरची सॅकच. पर्स नेमकी बाळाला उचलताना घसरते.

सीट कुठली घ्यावी? पैसे देऊन निवडावी का?

मोठ्या मुलाची सीट आपल्यापासून लांब पडेल म्हणून पैसे भरायची गरज नाही. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर (म्हणजे बुकिंगच्या क्रमांकावर) असलेल्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ बसवायचं, असं डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. म्हणून सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. आजोबांनी त्यांच्या ॲपवरून वेगळी आणि तुम्ही वेगळी, असं करू नका.

आपत्कालीन दाराच्या रांगेत बाळ घेऊन बसता येत नाही. मांडीवरची दोन बाळं एका बाजूच्या तीन सीटच्या ओळीत बसवत नाहीत. तिथे ऑक्सिजनचे मास्क साधारण चारच असतात, म्हणजे तीन सीटना एकच जास्तीचा. बहिणीबहिणी आपापली बाळं घेऊन निघाल्यात तर पुढेमागे बसा.

मला स्वतःला खिडकी आवडते. दूध पाजायला आडोसा मिळतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का बाळाच्या पायांना लागत नाही.

मांडीवरच्या बाळाला पट्टा कसा बांधतात?

हवाईसुंदरी एक छोटा जोडपट्टा आणून देते. तो तुमच्या पट्ट्यात ओवायचा आणि बाळाच्या कमरेला वेगळा बांधायचा. आणून दिला नाही तर मागून घ्या. तुमच्याच पट्ट्याच्या आत बाळाला घेऊ नका. विमान अचानक थांबलं तर तुमचा सगळा भार त्याच्या पोटावर येतो.

दूध, पेज, वरणभात नेता येतो का?

येतो. बाळापुरतं दूध, पाणी, गरम पाण्याचा थर्मास, खिमट, सगळं नेते मी. कधी डबा उघडायला सांगतात, उघडायचा. परदेशच्या विमानाला पातळ पदार्थांची १०० मिलिलीटरची मर्यादा असते, पण बाळाचं दूध आणि खाणं प्रवासाला पुरेल इतकं त्यातून वगळलेलं असतं. वेगळं काढून दाखवा आणि बाळ सोबत आहे हे दिसू द्या. फॉर्म्युल्याची पावडर मापानं छोट्या डब्यांत आधीच भरून ठेवा. हलत्या विमानात चमचे मोजायला जाऊ नका.

इंदूरहून निघणाऱ्या बॅगेत आजी चिवडा भरणारच. भरू द्या. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नको. त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते सामानात चालत नाही. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांसाठी "पुण्याला चांगलं खोबरं मिळत नाही" असं म्हणत इथून वाट्या बांधून देणाऱ्या एक-दोघी मला ठाऊक आहेत. पुण्यात खोबरं मिळतं हो.

बाळाचे कान दुखतात म्हणे. खरं का?

खरं आहे, आणि हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, तेव्हा जरा नीट सांगते.

विमानाच्या आतली हवा जमिनीसारखी नसते. उंचीवर गेल्यावर आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंच डोंगरावर असावा तितका ठेवलेला असतो. इंदूर आपलं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर. म्हणजे चढताना दाब कमी होतो, उतरताना वाढतो. कानाच्या पडद्यामागची हवा आणि बाहेरची हवा यांचा मेळ घशाकडे जाणाऱ्या एका बारीक नळीतून बसतो. गिळताना, जांभई देताना ही नळी उघडते. आपल्याला ते कळतं, आपण आवंढा गिळतो. बाळाला ते जमत नाही, आणि त्याची नळी असतेही अरुंद. चढताना आतली हवा सहज बाहेर पडते. उतरताना बाहेरची हवा आत शिरायला हवी असते आणि नळी मिटलेली राहते. दुखतं ते तेव्हा.

म्हणून दूध उतरतानाच्या वेळेसाठी राखून ठेवायचं. नवख्या आया चढतानाच सगळं पाजून टाकतात आणि उतरताना बाळ तोंड फिरवतं. विमान धावपट्टीला टेकण्याच्या साधारण वीस-तीस मिनिटं आधीच खाली यायला लागतं. पट्टे बांधायची घोषणा व्हायच्या आधीच इंजिनाचा आवाज मंदावतो, नाक किंचित खाली गेल्यासारखं वाटतं. ती खूण. तेव्हा अंगावर घ्या, बाटली द्या, चोखणी द्या, मोठ्याला पाण्याचे घोट किंवा चघळायला काहीतरी. इंदूरहून पुण्याचं किंवा मुंबईचं उड्डाण तास-सव्वा तासाचं, त्यामुळे चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू होतं. नजर घड्याळाकडे ठेवा.

बाळ नेमकं तेव्हा गाढ झोपलेलं असेल तर? झोपेत गिळणं कमी होतं. मी हलकेच जागं करून पाजते. शेजारचे "झोपू द्या की" म्हणतात, त्यांना हसून मान डोलवायची.

सर्दीनं नाक चोंदलेलं असेल, कान फुटलेला असेल किंवा नुकताच कानात जंतुसंसर्ग झालेला असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. कापसाचे बोळे घालून दाबाला काही फरक पडत नाही, फक्त आवाज थोडा कमी होतो.

झोपेचं औषध द्यावं का? शेजारच्यांनी सुचवलंय.

नाही. सर्दीच्या औषधानं झोप येते म्हणून ते देणारे आहेत. काही मुलांना त्यानं उलट चेव येतो. सव्वा तासाच्या प्रवासासाठी हे खेळ कशाला?

डायपर कुठे बदलायचा?

शक्यतो गेटवर, चढण्याच्या अगदी आधी. एअरबस ए-३२० सारख्या विमानात एखाद्या बाथरूममध्ये भिंतीवरून खाली येणारी फळी असते. कुठल्या, ते विचारा. जागा इतकी की तुमचं कोपर आणि बाळाचा पाय एकाच वेळी हलू शकत नाही. पाठीवरची सॅक आत नेऊ नका, एक डायपर, ओले पुसणे आणि प्लॅस्टिकची पिशवी एवढंच हातात. आणि स्वतःसाठीही एक सदरा किंवा कुर्ता सॅकमध्ये असू द्या. बाळाचे तीन जोड सगळेच घेतात, आईचा एकही नसतो.

विमान छोटं, पंख्यांचं आहे. काही फरक पडतो का?

पडतो. एटीआर विमानात दोन-दोन सीटच्या रांगा, डोक्यावरचे कप्पे लहान आणि चढायचं मागच्या दारानं, छोट्या शिडीवरून. तिथे बाबागाडी आत न्यायचा विचारच नको, बॅगेएवढी घडी होणारीही नाही. शिडीपाशी द्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या फरशीवर ऊन नुसतं भाजून काढतं, बाळाच्या डोक्यावर टोपरं असू द्या. पंख्यांच्या आवाजाला काही बाळं दचकतात, माझी तर त्यावर झोपते.

विमानाला उशीर झाला तर बाळासाठी काही देतात का?

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर असेल तर खाणं-पिणं द्यावं, असा डीजीसीएचा नियम आहे. इंदूरहून पुणे, मुंबई, दिल्ली सगळी त्यात बसतात. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. पण देतात ते मोठ्यांचं. एका डिसेंबरात दिल्लीच्या धुक्यानं आम्ही चार तास इथेच बसलो. हातात आलं ते थंडगार सँडविच. वर्षाच्या पोरीला ते काय द्यायचं? कॉफीच्या ठेल्यावरच्या मुलानं थर्मासमध्ये गरम पाणी भरून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्या चार तासांत बाबागाडी हाच आमचा पलंग, पाळणा आणि जेवायची खुर्ची. हिवाळ्यात दिल्लीवरून जोडविमान असेल तर एक जेवण जास्तीचं ठेवाच.

गाडी मोडून आली तर?

बाहेर पडण्याआधी, बेल्टपाशीच, कंपनीच्या माणसाला दाखवून तक्रार लिहून घ्या आणि तिची प्रत मागा. एकदा घरी गेलात की "तुमच्याकडेच मोडली असेल" म्हणायला ते मोकळे. आमचं पुढचं चाक एकदा असं वाकून आलं की गाडी गोल गोलच फिरायची. भरपाई मिळाली ती किरकोळ, पण मिळाली, कारण काउंटरवर देण्याआधी काढलेला फोटो होता. फोटो काढा. सुटी चाकं, कप ठेवायचा कडा, वरचं छत काढता येत असेल तर काढून सॅकमध्ये.

परदेशी जाताना आणखी काय?

बाळाला स्वतःचा पासपोर्ट हवा. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा निघतो, आणि तान्ह्याचा फोटो पाच वर्षांनी ओळखू येत नाही हा सगळ्यांचाच अनुभव. लांबच्या मोठ्या विमानात पुढच्या भिंतीला लावायचा पाळणा मिळतो. त्याला वजनाची मर्यादा असते आणि जागा मोजक्याच, म्हणून तिकीट काढल्या काढल्या कंपनीला फोन करून सांगा. इंदूरहून सुटणाऱ्या छोट्या विमानांत त्याची आशा ठेवू नका, तो मुंबई-दिल्लीहून पुढे.

बाबागाडीचा टॅग शेवटच्या मुक्कामाचा लावला की मधल्या विमानतळावर गाडी हातात मिळेलच असं नाही. मधे पाच तास काढायचे असतील तर तसं काउंटरवर स्पष्ट बोला.

आजी-आजोबा एकटेच नातवाला घेऊन जाऊ शकतात का?

देशात जाऊ शकतात. जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावं असतात, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि दोन ओळींचं संमतिपत्र सोबत द्या. आडनाव वेगळं असलेल्या आईच्या आई-वडिलांनी तर नक्कीच.

घरून किती आधी निघावं?

देशातल्या विमानांचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. बाबागाडीला टॅग लावायचा म्हणून तुम्हाला काउंटरवर जावंच लागणार, घरून चेक-इन केलं असलं तरी. मी दोन तास आधी पोचते. आपलं एरोड्रम, म्हणजे इंदूरचं विमानतळ, गावाला लागूनच, राजवाड्याहून आठ-नऊ किलोमीटर, पण बडा गणपतीपाशी अडकलात की तेच अंतर पाऊण तासाचं. सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यानं येणाऱ्यांना ही चिंता नाही. नवरात्रात बिजासन टेकरीची जत्रा भरते, तेव्हा विमानतळाच्या तोंडाशीच गर्दी. त्या दिवसांत अर्धा तास आणखी धरा.

आणि मुंबईला जाणार असाल तर तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. घ्यायला येणारे मामा सांताक्रूझला आणि तुम्ही बाळ, बाबागाडी, तीन बॅगा घेऊन पनवेलकडे उभ्या, असं नको.